सायकलीवरून देशाटन : थोडे पैसे, पुष्कळ तयारी

गेल्या वार्षिक परीक्षेच्या आधीं एके दिवशीं भूगोलाचा तास संपल्यावर एक विद्यार्थी आमच्या टेबलापाशीं रेंगाळला. इतर मुलें बाहेर गेलीं असें पाहून त्यानें दप्तरांतून एक वही काढली. तींत त्यानें स्वतः काढलेला आशिया व यूरोप या खंडांचा नकाशा होता, आणि त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत लाल पेन्सिलीनें एक रेघ ओढलेली होती. “सर, इतक्या दूर सायकलीनें एकट्याला जातां येईल का? आणि पैसे थोडेच असले तर?” असा त्याचा प्रश्न होता. आठवड्याभरानें त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांचाही प्रश्न त्याच वहीसंबंधीं होता, परंतु तो असा : “मुलाच्या डोक्यांतून हें वेड कसें काढावें?”

दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले होते, आणि दोहोंचींही उत्तरें एकाच ठिकाणीं सांपडतात असें आम्हांस वाटतें. म्हणून मुलास एक व बापास दुसरें असें न सांगतां दोघांनाही एकत्रच सांगावें, आणि तें इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्याही कानीं पडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम “जातां येईल का?” हा प्रश्न घेऊं. याचें उत्तर सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच देऊन झालें आहे. तें देणारा थॉमस स्टीव्हन्स हा तरुण इंग्लंडांत जन्मलेला व पुढें अमेरिकेंत जाऊन राहिलेला होता. त्या काळची सायकल आजच्यासारखी नव्हती. तिचें पुढचें चाक ५० इंच उंच, मागचें अगदींच चिमुकलें, आणि टायर भरीव रबराचे. वाटेंत एखादा मोठा दगड आला कीं स्वार पुढच्या चाकावरून तोंडघशीं पडावयाचा! अशा सायकलीवर बसून २२ एप्रिल १८८४ रोजीं स्टीव्हन्स सॅन फ्रॅन्सिस्कोहून पूर्वेकडे निघाला. सामान म्हणजे कांहीं मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल, आणि तंबू व अंथरूण या दोन्ही कामीं येणारा एक पावसाळी कोट. ऑगस्ट महिन्यांत तो बोस्टनला पोहोंचला. हें सुमारे ३,७०० मैलांचें अंतर. पैकीं एक तृतीयांशाहून अधिक त्यानें सायकल हातांनीं ढकलीत पायीं तोडलें.

पुढील वर्षीं इंग्लंडपासून त्यानें पुन्हा प्रारंभ केला. यूरोप व तुर्कस्तान ओलांडून तो इराणांत गेला व तेहरान येथें त्यानें हिवाळा काढला. अफगाणिस्तानांतून त्यास मागें धाडण्यांत आलें, म्हणून वळसा घालून आगबोटीनें तो कराचीस उतरला, आगगाडीनें लाहोरास गेला, आणि तेथून ग्रँड ट्रंक रस्त्यानें सायकलीवर कलकत्त्यास आला. शेवटीं चीन व जपान करून १७ डिसेंबर १८८६ रोजीं योकोहामा येथें त्याचा प्रवास संपला. चाकांवरून काटलेलें अंतर सुमारे १३,५०० मैल भरलें. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. स्टीव्हन्सला डोंगरांनीं अडविलें नाहीं, वाळवंटांनीं अडविलें नाहीं. अडविलें तें परवानगीच्या अभावानें. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहों.

स्टीव्हन्स प्रवासांत असतांनाच, १८८५ सालीं, इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली व साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आज आपल्या शाळेच्या आवारांत ज्या सायकली उभ्या असतात त्यांची कुळकथा एवढीच. या सुधारलेल्या सायकलीनें जग गरिबाच्याही आवांक्यांत आणलें. १९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास पुरा करून १९२८ सालीं घरीं परतले. १९३१ सालीं रामनाथ विश्वास हे बंगाली गृहस्थ सिंगापुराहून एकटेच निघाले व पुढील कांहीं वर्षांत आशिया, यूरोप व आफ्रिका या खंडांत सायकलीनें हिंडले. आणि अगदीं अलीकडे, २०१८ सालीं, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीनें १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर अंतर १५९ दिवसांत काटलें. तेव्हां “जातां येईल का?” या प्रश्नास “होय” असें उत्तर देण्यांत आम्हांस कांहींच अडचण नाहीं.

आतां दुसरा प्रश्न पैशांचा. कोणत्याही प्रवासाच्या खर्चाचीं मुख्य कलमें तीन : वाहनाचें भाडें, रात्रीचा मुक्काम आणि अन्न. सायकल यांतील पहिलें कलम जवळजवळ पुसून टाकते. याचें कारण शास्त्रांत आहे. सपाट रस्त्यावर तासास पांच किलोमीटर चालावयास माणसाचें जितकें बळ खर्च होतें, साधारणतः तितक्याच बळांत सायकलस्वार तासास पंधरा किलोमीटर जातो. चालणारा प्रत्येक पावलाला आपल्या देहाचा भार उचलतो व खालीं टेकवितो. सायकलस्वाराचा भार सीटवर बसलेला असतो, आणि त्याचे पाय केवळ पुढें लोटण्याचें काम करतात. म्हणून ज्याच्या अंगीं वीस मैल चालण्याची ताकद आहे त्यास चांगल्या रस्त्यावर साठ मैल सायकल हांकतां येते. पेट्रोलही लागत नाहीं व तिकीटही लागत नाहीं. मात्र भूक दुप्पट लागते, हें विसरूं नये!

दुसरें कलम मुक्कामाचें. ज्याच्यापाशीं लहानसा तंबू व जाड चादर आहे, त्यास रोज खोली भाड्यानें घ्यावी लागत नाहीं. तिसरें कलम अन्नाचें. शहरांतील मोठ्या उपाहारगृहांत जें एका जेवणास पडतें, त्यांत बाजारचीं फळें, पाव, दूध, डाळ व तांदूळ घेऊन शिजविणारा मनुष्य दोन-तीन दिवस जेवतो. परंतु कांहीं खर्च असे आहेत कीं ते कितीही काटकसर केली तरी चुकत नाहींत : पासपोर्ट, निरनिराळ्या देशांचे व्हिसा, रोगप्रतिबंधक टोंचण्या, विमा, जेथें समुद्र आडवा येतो तेथील भाडें, आणि संकटकाळीं घरीं परतण्यापुरती अलग ठेवलेली रक्कम. या शेवटच्या रकमेस हात लावूं नये. जो ही रक्कम खर्चून बसतो तो काटकसरी नव्हे, अविचारी होय.

हा हिशोब प्रत्यक्षांत कसा उतरतो हें पाहण्यासाठीं आम्ही एकाच व्यक्तीचें उदाहरण जरा विस्तारानें देतों. डर्व्हला मर्फी या बाईंचा जन्म २८ नोव्हेंबर १९३१ रोजीं आयर्लंडांतील लिस्मोर या लहानशा गांवीं झाला. वडील ग्रंथपाल, घरची स्थिति बेताची. त्यांच्या दहाव्या वाढदिवसास दोन वस्तू भेट मिळाल्या : एक जुनी सायकल व एक जुना नकाशासंग्रह. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं गांवाजवळची एक चढण चढतांना त्या मुलीचें लक्ष आपल्या फिरणाऱ्या पायांकडे गेलें आणि मनांत विचार आला कीं हे पाय असेच पुष्कळ दिवस फिरत राहिले तर आपण हिंदुस्थानास पोहोंचूं. मोठीं माणसें हंसतील म्हणून तिनें हा बेत कोणासही सांगितला नाहीं.

हा बेत सिद्धीस जाण्यास एकवीस वर्षें लागलीं. आईस संधिवातानें अंथरुणास खिळविलेलें. तिच्या शुश्रूषेकरितां मुलीस चौदाव्या वर्षीं शाळा सोडावी लागली. मधूनमधून सवड मिळाली म्हणजे ती सायकलीवर वेल्स, इंग्लंड, जर्मनी, स्पेन असे लहान प्रवास करून परत घरीं येई. पुढें सुमारे दीड वर्षाच्या अंतरानें वडील व आई दोघेंही वारलीं. तेव्हां, १४ जानेवारी १९६३ रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, मर्फीबाई घराबाहेर पडल्या. सायकलीचें नांव त्यांनीं डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून ‘रॉझ’ असें ठेवलें होतें.

त्यांच्या तयारींत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, त्यांनीं सायकलीचे तीन वेगांचे गिअर काढून टाकले. चढणीवर गिअर उपयोगी पडतात हें त्यांस ठाऊक होतें. परंतु खडबडीत रस्त्यावर नाजूक यंत्र बिघडणारच, आणि तें नीट करणारा वाटेंत कोठें सांपडावयाचा? साधी सायकल मात्र कोणत्याही गांवचा लोहार सांधूं शकतो. दुसरी गोष्ट, टायर वाटेंत मिळणार नाहींत हें ओळखून त्यांनीं ते टपालानें आधींच पुढच्या शहरांत धाडून ठेविले. गरीब प्रवासी जो पैसा वांचवितो तो असा, बाहेर पडण्यापूर्वीं केलेल्या विचारानें.

त्या वर्षींचा हिवाळा यूरोपांत फारच कडक ठरला. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया (हा देश आज नकाशावर नाहीं), बल्गेरिया या देशांतून जातांना बर्फानें सायकल चालविणें अशक्य झालें तेथें बाईंनीं आगगाडी व लॉरी यांचा आश्रय घेतला. पुढें तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान. उत्तर पाकिस्तानांत बाबुसर नांवाची सुमारे १३,७०० फूट उंचीची खिंड त्यांनीं बर्फांतून ओलांडली. शेवटीं भर उन्हाळ्याची काहिली सोसून जुलै महिन्यांत त्या दिल्लीस पोहोंचल्या. या सहा महिन्यांचा एकूण खर्च झाला सुमारे ६४ पौंड. त्या वेळीं एका पौंडास सव्वातेरा रुपयांहून थोडें अधिक पडत. म्हणजे ही रक्कम सुमारे साडेआठशें रुपये भरते. एकशेंऐंशी दिवसांनीं भागलें असतां दिवसास पांच रुपयेही पडत नाहींत!

विद्यार्थी हा आंकडा पाहून हरखून जातील. पण थोडें थांबावें. पांच रुपयांत एक मनुष्य एक दिवस जगला, हा हिशोब अपुरा आहे. जें मर्फीबाईंनीं पैशांत दिलें नाहीं तें कोणी ना कोणी दुसऱ्या नाण्यांत दिलें आहे. तें कोणी दिलें, हें समजून घेणें हाच आमच्या लेखाचा खरा विषय आहे.

पहिला भाग बाईंनीं स्वतः दिला. एकवीस वर्षें नकाशे पाहणें, घराजवळच्या टेकड्या चढणें, लहान प्रवासांत थंडी, पाऊस व भूक यांची संवय करून घेणें, हें सारें भांडवल त्या जमवीत होत्या. ज्याचें शरीर अशा रीतीनें तयार झालेलें नाहीं त्यास पैसे अधिक लागतात, कारण तो थकला कीं मोटार करतो आणि भिजला कीं हॉटेल गांठतो.

या बाबतींत आमच्या तरुणपणींची एक फजिती सांगतों. आम्हींही एकदां सुटींत कोल्हापुराहून गोव्यास सायकलीनें एकट्यानेंच जाण्याचें ठरविलें. तयारी म्हणजे काय, तर वस्तू गोळा करणें, अशी आमची समजूत! कॅरिअरवर स्टोव्ह, दोन पातेलीं, कंदील, तांदुळाची पिशवी, चार जाड पुस्तकें व एक वळकटी बांधली होती. आंबोलीचा घाट उतरतांना मागच्या चाकाचे तीन स्पोक एकामागून एक तुटले आणि चाक ब्रेकच्या रबरास घासूं लागलें. सायकल ढकलीत कसेबसे सावंतवाडीस आलों. तेथील सायकलवाल्यानें बोजा सोडला, एकेक वस्तू बाकावर मांडली आणि शांतपणें विचारलें, “काय हो, प्रवासाला निघालां कीं बिऱ्हाड हलवतां?” त्यानें मजुरी घेतली नाहीं, स्पोकांची किंमत तेवढी घेतली. आम्हीं निम्मे सामान एस. टी. च्या पार्सलानें घरीं धाडलें, आणि उरलेल्या वाटेंत पुन्हा एकही स्पोक तुटला नाहीं.

मागच्या चाकाचेच स्पोक कां तुटतात हें मुलांनीं समजून घ्यावें. स्वाराचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो, पेडलचा जोरही साखळीवाटे त्याच चाकावर येतो, आणि कॅरिअरवरचा बोजाही तेथेंच. यासाठीं सामान थोडें घ्यावें, व जें घ्यावें त्याचा कांहीं भाग पुढें आणि तोही खालच्या अंगास बांधावा. दोन जोड कपडे, एक गरम सदरा, पावसाळी कोट, तंबू, चादर, पाण्याच्या बाटल्या, थोडीं औषधें. आणि हत्यारांत पंप, पाने, पंक्चरचें सामान, एक ट्यूब, कांहीं स्पोक, ब्रेकचीं रबरें व साखळीचे दोन दुवे. एवढ्यांत भागतें. आतां खिशांतील फोनवरही नकाशा दिसतो. परंतु जेथें वीज नाहीं व फोनही चालत नाहीं अशा ठिकाणासाठीं कागदी नकाशा जवळ असावाच. आणि पंक्चर स्वतः काढतां येत नसेल तर जिल्ह्याची वेससुद्धां ओलांडूं नये.

खर्चाचा दुसरा भाग दिला वाटेवरच्या लोकांनीं. मर्फीबाई कित्येक रात्रीं शेतकऱ्यांच्या घरीं, चहाच्या दुकानांत, पोलिस-चौकींत निजल्या. अफगाणिस्तानांतील गरीब लोकांच्या अगत्याविषयीं त्यांनीं आपल्या ग्रंथांत फार प्रेमानें लिहिलें आहे. एकट्या पाहुण्याचें हें भाग्य असतें. दहा जणांची टोळी आली तर गांव दारें लावून घेतो, एकटा, धुळीनें माखलेला, सायकलीवरून आलेला मनुष्य दिसला तर कोणी तरी विचारतेंच, “जेवलास का?” आपल्याकडे वारीच्या वाटेवरचीं गांवें वारकऱ्यांस जेवूं घालतात. पाहुण्यास घांस देण्याची ही रीत कोणा एका देशाची किंवा धर्माची मिरास नव्हे, हें सायकलस्वारांचीं वर्णनें वाचणाऱ्यास पटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. जो घांस आपणांस मिळतो तो पुष्कळदां यजमानाच्या मुलाच्या ताटांतला असतो. काटकसर आणि फुकटेपणा यांत अंतर आहे. काटकसरी मनुष्य स्वतःच्या गरजा कमी करतो. फुकट्या मनुष्य आपल्या गरजा दुसऱ्यावर लादतो. म्हणून पाहुणचार मागून घेऊं नये. मिळाला तर नम्रपणें घ्यावा. निघतांना मुलांकरितां कांहीं खाऊ द्यावा, पाणी भरणें किंवा लांकडें फोडणें असलें काम हातावेगळें करावें, आणि पोहोंचल्यावर पत्र पाठवावें. स्टीव्हन्सनें मासिकांत प्रवासवर्णनें लिहून, विश्वास यांनीं व्याख्यानें देऊन व पुस्तकें लिहून आपला मार्ग सुकर केला. तेंही एक परतफेडीचेंच स्वरूप होय.

मर्फीबाईंनीं ही परतफेड कशी केली तें पाहा. दिल्लीस पोहोंचल्यावर त्या लगेच घरीं परतल्या नाहींत. तिबेटांतून आलेल्या निर्वासितांचीं मुलें त्या वेळीं धर्मशाळा येथील छावणींत दाटीवाटीनें राहत होतीं व रोगांनीं पिडलीं जात होतीं. बाई तेथें जाऊन त्या मुलांच्या शुश्रूषेच्या कामास लागल्या. जिनें चौदाव्या वर्षापासून आजारी आईची सेवा केली होती तिला हें काम शिकवावें लागलें नसेल. त्यांचा प्रवासग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९७३ सालीं आपल्या पांच वर्षांच्या मुलीस घेऊन त्या पुन्हा हिंदुस्थानांत आल्या, आणि मुंबईहून गोव्यावरून कूर्गपर्यंत थोड्याच खर्चांत हिंडल्या. २२ मे २०२२ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, आपल्या जन्मगांवींच त्या निवर्तल्या.

आतां पालकांच्या मनांतील भीतीविषयीं. ही भीति निराधार आहे असें सांगणें म्हणजे फसवणूक होईल. मर्फीबाईंवर युगोस्लाव्हियाच्या जंगलांत लांडगे चालून आले, तुर्कस्तानांत रात्रीं एक मनुष्य त्यांच्या खोलींत शिरला, अफगाणिस्तानांत मोटारींतील एका भांडणांत बंदुकीचा दस्ता लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या. वेदांगी कुलकर्णी यांना स्पेनमध्यें चोरट्यांनीं सुऱ्याचा धाक दाखवून लुटलें. अमेरिकेचा फ्रँक लेन्झ हा १८९२ सालीं हवेच्या टायरांची नवी सायकल घेऊन निघाला. चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान सुखरूप ओलांडून १८९४ च्या मे महिन्यांत पूर्व तुर्कस्तानांत शिरला आणि तेथेंच मारला गेला. त्या भागांत तेव्हां मोठी अशांतता होती. पोलंडचा काझिमिएझ नोवाक १९३१ ते १९३६ या काळांत आफ्रिका खंड उत्तरेकडून दक्षिणेकडे व परत असें एकट्यानें हिंडला, कधीं सायकलीनें, कधीं पायीं, घोड्यावर, उंटावर व होडींतून. पण शरीर इतकें खंगलें होतें कीं घरीं आल्यावर वर्षभराच्या आंतच त्याचा अंत झाला.

या संकटांपासून पूर्णपणें बचावण्याचा उपाय कोणापाशींही नाहीं. परंतु धोका कमी करण्याचे मार्ग आहेत. जेथें युद्ध अथवा बंडाळी चालू आहे तेथें जाऊं नये, मग नकाशावरची रेघ वांकडी झाली तरी चालेल. व्हिसांची मुदत व ऋतू यांचा मेळ आधींच बसवावा, कारण सायकलस्वार हळू चालतो आणि सरकारी तारीख कोणासाठीं थांबत नाहीं. काळोख पडण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. ठरलेल्या दिवशीं घरीं निरोप द्यावा, आणि तो न आल्यास घरच्यांनीं काय करावें हेंही ठरवून जावें. पिस्तुलाचा विचार मात्र कोणीं मनांतही आणूं नये. तीं जुन्या काळचीं वर्णनें आहेत, आणि आज परवान्यावांचून असें शस्त्र घेऊन सीमा ओलांडणारा प्रवासी तुरुंगांत जाईल. शिवाय, परत फिरण्यांत नामुष्की मानूं नये. मर्फीबाईंनीं बर्फ पाहून आगगाडी धरली, म्हणून त्यांचा प्रवास खोटा ठरला नाहीं.

येथवर आम्हीं जें लिहिलें तेंच त्या विद्यार्थ्यास व त्याच्या वडिलांस एकत्र बसवून सांगितलें. मुलगा म्हणाला, “म्हणजे मला एकवीस वर्षें थांबावें लागणार?” आम्हीं म्हटलें, “किती वर्षें तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण थांबणें आणि रिकामें बसणें या दोन गोष्टी एक नव्हेत.” वडील बराच वेळ वही चाळीत होते. मग त्यांनीं विचारलें, “तुला मागचें चाक खोलून पुन्हा बसवितां येतें का?” मुलानें मान हलविली, येत नव्हतें. “मला येतें,” वडील म्हणाले. “लहानपणीं माझ्या मामाचें सायकलचें दुकान होतें.” ही गोष्ट मुलास तोंवर ठाऊक नव्हती.

परीक्षा झाल्यावर सुटींत बापलेकांनीं मिळून घरची जुनी सायकल खोलली, साफ केली व पुन्हा जोडली. दिवाळींत तो मुलगा चाळीस मैलांवरील आपल्या आत्याच्या गांवीं एकटाच गेला व दुसऱ्या दिवशीं परत आला. वाटेंत एक पंक्चर झालें, तें त्यानें स्वतः काढलें. एका शेतकऱ्यानें त्यास उसाचा रस पाजला व पैसे नाकारले. त्याच्या वहींत आतां जमाखर्चाचें एक पान झालें आहे. खर्चाच्या बाजूस लिहिलें आहे : “सोल्युशन, केळीं, आत्याकरितां साखर.” त्याखालीं ‘देणें’ असें एक वेगळें सदर पाडलें असून त्यांत एकच नोंद आहे : “रस – एक ग्लास.”

मुंबईपासून लंडनपर्यंतची लाल रेघ त्या वहींत अजून तशीच आहे. ती पुसून टाकावी असें वडिलांनीं पुन्हा कधीं आम्हांस म्हटलें नाहीं.